आधी दिवा, मग माणूस

आमच्या घराच्या अंगणात एक जागा अशी होती, की तिच्यावर पाय पडला की आवाज बदलायचा. ओसरीची पायरी उतरून न्हाणीकडे निघाले, की आधी जमीन घट्ट वाजायची आणि मग एकाएकी, रिकाम्या रांजणावर कोणी थाप मारावी तसा पोकळ धप्प आवाज यायचा. तिथे खाली पेव होते. ज्यांनी पेव पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत पूर्वी लोक ज्वारी साठवायला खड्डा खणत. त्याचे तोंड जात्याच्या तळीएवढे लहान आणि पोट मात्र दोन-तीन माणसे आत उभी राहतील एवढे मोठे असे. आतून कडब्याचे अस्तर, वर दगडाची शिळा, शिळेच्या कडा शेणामातीने लिंपलेल्या. आमच्या आजोबांच्या वेळी त्यात वर्षाची ज्वारी राहायची. माझ्या वेळेपर्यंत पत्र्याच्या कोठ्या आल्या होत्या आणि पेव बहुतेक रिकामेच असायचे. पण रिकामे असल्यामुळेच मला त्याची जास्त भीती वाटायची. मी लहानपणी न्हाणीकडे कधी सरळ गेलो नाही, तुळशीला वळसा घालून जायचो. बाई, म्हणजे माझी आई, जेवताना मी नखरे केले की म्हणायची, "गिळ मुकाट्यानं, न्हाईतर पेवात सोडीन." ती गमतीने म्हणायची, मी मात्र भाकरी न चावताच गिळायचो.

आता माझी चाळिशी उलटली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहतो. तरी कुठल्या नव्या घरात गेलो की नकळत टाचेने फरशी वाजवून बघतो. बायको हसते. तिला मी हे सगळे कधी नीट सांगितलेले नाही.

मी सहा-सात वर्षांचा असताना पेव उघडलेले एकदा पाहिले होते. त्या वर्षी ज्वारी फार पिकली आणि कोठ्यांत मावेना, म्हणून उरलेली पेवात टाकली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी ती काढली. सकाळी शिळा सरकवली आणि दिवसभर तोंड तसेच उघडे ठेवले. अंगणभर एक आंबूस, उबट वास पसरला. दिवस कलल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि सावकाश आत सोडला. मी बाईच्या लुगड्याआडून बघत होतो. अण्णा म्हणाले, "आधी दिवा, मग माणूस." त्यांचे वडीलही असेच म्हणत, असे त्यांनी सांगितले. कंदील तळाशी जाऊन टेकला, त्याचा पिवळा उजेड पेवाच्या पोटात हलत राहिला, आणि मग तात्या उतरला. त्या ज्वारीच्या भाकरीला रंग जरा पिवळसर होता आणि वास होता. शहरातल्या पाहुण्यांनी ती बाजूला सारली असती. आम्हाला ती येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या, आमटीत कुस्करून फार आवडायची. तात्या तर म्हणायचा, "ह्या भाकरीला कोरड्यास कशाला पाह्यजे? ही लोणचं घालूनच आलेली हाय."

तात्या अण्णांचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याला मोठा ताप आला होता. त्यातून वाचला, पण बोलणे संथ झाले, हिशेब जमेना, लग्न झाले नाही. माणूस वेडा नव्हता, हे मला इथे लिहून ठेवायचे आहे, कारण गावात काहीजण त्याला तसे म्हणत. त्याच्याजवळ घाई नव्हती एवढेच. ज्वारी निवडायला बसला की खडा, माती, काणी काही त्याच्या बोटांतून सुटायचे नाही. अंगाने काटकुळा होता आणि खांदे अरुंद होते, म्हणून पेवात उतरायचे काम पोरपणापासून त्याचेच. दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे करायचा आणि त्या तोंडातून साप बिळात जावा तसा खाली जायचा. वर यायचा तेव्हा केसांत भुसा असायचा आणि चेहऱ्यावर काहीतरी मोठे काम केल्याचे हसू.

माझा थोरला भाऊ वाळूजच्या कंपनीत लागला, त्याने तिकडे दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला आणि आई-वडिलांना बोलावून घेतले. गावातले घर बंद ठेवले तर पत्रे चोरीला जातील, भिंती बसतील, म्हणून ते विकायचे ठरले. मी तेव्हा गेवराईला आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करत होतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी होतो. घर रिकामे करणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले होते सामान बांधायचे आणि निघायचे. पण बाईने प्रत्येक वस्तू अंगणात आणून ठेवली आणि तिच्यापुढे न्यायनिवाड्याला बसल्यासारखी बसली. उतरंडीची मडकी, फुटका खलबत्ता, बैल विकून किती वर्षे झाली तरी ठेवलेल्या झुली, माझा पाळणा, पाटा, तीन वरवंटे, शिंकी, घोंगड्या. अण्णा प्रत्येक वस्तूला "भंगार" म्हणत होते आणि ती प्रत्येक वस्तूला "ऱ्हाऊ द्या" म्हणत होती.

"ह्यो पाटा कुठं ठिवतीस तिथं? माझ्या उरावर?"

"तुमच्या उरावर जागा कुठं हाय? तिथं आधीच तुमचा तो रेडू बसल्याला हाय."

अण्णांना रेडिओचे वेड होते आणि बंद पडलेले तीन रेडिओ त्यांनी आधीच गोणीत बांधून 'न्यायचे' या बाजूला ठेवले होते. तात्या मोठ्याने हसला. अण्णांनी त्याच्याकडे बघितले आणि नजर खाली वळवली. मला त्या नजरेचा अर्थ कळत होता.

कारण दोन दिवसांपूर्वी मी अण्णांसोबत गेवराईला गेलो होतो. तिथल्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात उभे राहून ते माझ्या थोरल्या भावाशी बोलत होते आणि दार नीट लागत नव्हते. मी बाहेर उभा होतो. अण्णा म्हणाले, "व्हय, दोनच खोल्या, मला ठावं हाय. तात्याचं मी बघतो. नारायणगडावर सोडतो. तिथं पंगत असती, झाडलोट करील, देवाच्या दारी ऱ्हाईल. त्याला काय कळतंय?" बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले, "रस पिणार का?" मी हो म्हणालो. आम्ही दोघे उसाचा रस प्यालो आणि परत आलो. मी एक शब्द बोललो नाही. घरी आलो तर तात्या त्याच्या बाजेचा सुंभ ताणत बसला होता. म्हणाला, "दत्त्या, तिथं माझी बाज मावंल का रं?" मी म्हणालो, "मावंल की." त्या दिवसापासून मला तात्याची भीती वाटायला लागली. म्हणजे तो समोर आला, की आता काय विचारील याची.

भंगारवाल्याच्या ढिगावर माल टाकायचे काम माझ्याकडे होते. मला जुन्या वस्तूंची दया नव्हती. गंजलेले विळे, पत्र्याची तगारी, मोडकी छत्री आणि कोठीच्या खिळ्याला टांगलेला कंदील, सगळे मी टाकले. कंदिलाची काच शाबूत होती. भंगारवाल्याने ती टिचकी मारून बघितली आणि म्हणाला, "चालू हाय की ह्यो." मी म्हणालो, "लाईट आल्यावर कंदील कोण वापरतंय बे?" तेव्हा आमच्याकडे दिवसातून बारा-बारा तास लोडशेडिंग असायचे, तरी मी असे म्हणालो. वायरमन होणार होतो ना.

घर घेणारे रशीदभाई गेवराईचे फळांचे व्यापारी. मोसंबीचे कॅरेट ठेवायला त्यांना आमची जागा हवी होती. माणूस भारदस्त, पांढरी दाढी, बोलणे गोड. ते येऊन घरभर फिरले, भिंतींवर थापा मारल्या आणि अंगणात त्या जागेवर पाऊल पडताच थबकले.

"ये क्या हाय अण्णासाब? खाली खोली हाय काय?"

"पेव हाय. जुनं."

"बुजवून द्या बाबा. हितं माझा टेम्पो उभा ऱ्हाणार. भरला टेम्पो आत गेला तर माल बी गेला आन् डायवर बी गेला."

अण्णा म्हणाले, मुरमाची ट्रॉली सांगतो. तेव्हा बाई चुलीपासून उठून दारात आली. "बुजवा, पण आधी झाडून घ्या. तळाला ज्वारी हाय अजून. अन्नावर माती टाकायची न्हाई." यावर कोणी वाद घातला नाही. रशीदभाईसुद्धा म्हणाले, "बरोबर हाय भाभी. रिज्क हाय ते, अल्लानं दिल्यालं. त्याच्यावर मिट्टी टाकणं बरं न्हाई." आमच्याकडे माणूस कर्ज बुडवील, बांध कोरील, पण दाण्यावर माती लोटणार नाही. म्हणजे कोणीतरी आत उतरून शेवटचा दाणा काढणे आले. आणि कोण उतरणार हे विचारायची गरज नव्हती. तात्या टोपी काढून उभाच होता.

पेव झाडायच्या दिवशी सकाळी रशीदभाई मुरमाची जागा बघायला टेम्पो घेऊन आले होते. पहार घालून आम्ही शिळा उचकटली. अनेक वर्षे बंद असलेल्या त्या तोंडातून जो वास आला तो मला ओळखीचा होता, पण लहानपणीच्या वासापेक्षा जड. आंबलेल्या पिठासारखा, आणि त्यात काहीतरी गोडसर. दिवसभर उघडे ठेवायचे असते हे अण्णांना ठाऊक होते. ते म्हणालेही, "दुपारपत्तर ऱ्हाऊ द्यावं." पण रशीदभाई ताटकळत होते, मुरमाची ट्रॉली संध्याकाळी येणार होती आणि सामान न्यायला ट्रक दुसऱ्या दिवशी. चहा झाला. अण्णा म्हणाले, "दत्त्या, कंदील आण."

मी म्हणालो, कंदील भंगारात गेला.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग मी ते बोललो. मी म्हणालो, "कंदील कशाला? बल्ब सोडू. कंदिलापेक्षा दसपट उजेड पडंल. फकस्त लाईट जायच्या आत उरकू." धावत जाऊन माझ्या पेटीतून वायरचे वेटोळे, होल्डर आणि शंभरचा बल्ब आणला, ओसरीच्या बोर्डातून जोड दिला आणि वायरने बल्ब आत सोडला. पेवाचे सगळे पोट उजळून निघाले. कडब्याच्या काड्या, भिंतींवरची कुदळीची जुनी खूण, तळाला पसरलेली राखाडी ज्वारी, सगळे लख्ख दिसत होते. तात्या वाकून म्हणाला, "आयला! लगीनघर दिसतंय." रशीदभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णांच्या तोंडात ते वाक्य आलेच होते, "आधी दिवा…" आणि ते स्वतःच थांबले, कारण दिवा तर सोडलेला होता. आम्ही रीत पाळली होती. आमच्यापैकी कोणाच्याही मनात शंका आली नाही. कारण अण्णांनी आणि त्यांच्या देखत त्यांच्या वडिलांनी जितक्या वेळा कंदील सोडला, तितक्या वेळा तो जळत राहिला होता. विझलेला कंदील आमच्या घरात कोणी पाहिलाच नव्हता. म्हणून दिवा कशासाठी, हे कोणाला ठाऊक नव्हते. सगळे समजत होते, उजेडासाठी.

तात्याच्या काखेतून दोर बांधला. तो कमरेला बांधायचा नाही आणि खाली गेल्यावर सोडायचा नाही, हेही जुनेच. हात वर करून तो गेला. तळाला पाय टेकल्यावर त्याने वर बघितले आणि डोळे मिचकावले. बादली सोडली. त्याने वाकून ओंजळीने ज्वारी भरायला सुरुवात केली. मग तो थांबला. उभा राहिला. कपाळाला हात लावला. पुन्हा वाकला आणि वाकता वाकता बसला, थकलेला माणूस पारावर बसतो तसा.

"बसलास कावून रं?" अण्णा वरून म्हणाले.

तात्या काही बोलला नाही. त्याची मान हळूहळू पुढे आली. मला वाटले तो दाण्यांकडे बघतो आहे.

"तात्या! आरं, लाईट जाईल. आटप."

आणि लाईट गेली. ती तिच्या वेळेला गेली, रोज जायची तशी. पेवाचे तोंड एकदम काळे झाले. आत काहीच दिसेना. त्या काळोखातून कसलाही आवाज येत नव्हता. हाक मारली की आपलाच आवाज गोल फिरून परत यायचा. अण्णांनी दोर हलवला. तो जड होता आणि पलीकडून कोणी उत्तर देत नव्हते.

अण्णांनी खिशातली काडेपेटी काढली. पडलेला वर्तमानपत्राचा कागद पिळून पेटवला आणि आत टाकला. त्यांना फक्त बघायचे होते. जळता कागद खाली जाऊ लागला, आणि अर्ध्यावर, कोणी चिमटीत धरावा तसा विझला. धुराची एक रेघ आडवी पसरली. अण्णांनी दुसरा कागद पेटवला. तोही नेमका तिथेच विझला. तिथून खाली जणू पाणी भरले होते, न दिसणारे. बाई हळू आवाजात म्हणाली, "इझतंय." एवढेच. आणि आम्हाला सगळ्यांना एकाच वेळी कळले की दिवा कशासाठी सोडायचा असतो.

अण्णांनी काडेपेटी फेकली, सदरा काढला आणि दोन्ही पाय त्या तोंडात सोडून कडेवर बसले. दिवा विझतो ते बघूनही ते उतरत होते. तेव्हा मी त्यांच्यावर झेप घेतली. मागून काखेत हात घालून त्यांना धरले आणि मागे खेचले. ते मला कोपराने मारत होते, माझा ओठ फुटला, पण मी सोडले नाही. आणि मी ओरडलो. जे ओरडलो ते शब्द मला अजून झोपेतून उठवतात. मी ओरडलो, "अण्णा, नका जाऊ! तात्या गेला! गेला तो, जाऊ द्या त्याला!"

गावात नंतर सगळ्यांनी मला शहाणे ठरवले. पोराने प्रसंगावधान दाखवले, बाप उतरला असता तर दोन मढी निघाली असती, असे म्हणाले. ते खरेही असेल. पण मी शहाणपणाने धरले नव्हते, भीतीने धरले होते. आणि त्या भीतीच्या तळाशी आणखी काही होते का, हे मी स्वतःला किती वर्षे विचारतो आहे. गडावर कोण सोडणार, तात्याला कोण सांगणार, बाज कुठे मावणार हे सगळे एका फटक्यात मिटले, असे त्या क्षणी माझ्या मनात आले का? मला होही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. एवढेच आठवते की "जाऊ द्या त्याला" हे शब्द फार सहज आले.

रशीदभाईंनी दोर पकडला. "अण्णासाब, उतरू नका! खेचा! दोर हाय ना, खेचा!" त्या शब्दाने अण्णा भानावर आले. ते, रशीदभाई आणि बाई, तिघांनी दोर ओढला. ओसरीच्या कडेला पाय रोवून बाई ओढत होती, तिच्या हातातल्या बांगड्या फुटून मातीत पडत होत्या. वजन वर येत होते. तात्याचे केस दिसले, भुसा लागलेले. आणि मग तो अडकला. हात वर असले तरच त्या तोंडातून माणूस जातो, आणि त्याचे हात खाली लोंबत होते. खांदे पेवाच्या तोंडाच्या कडेखाली बसले. जितके ओढावे तितके ते आणखी घट्ट बसत होते.

"हात वर घ्यायला पाह्यजे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितले. त्या फटीतून तात्याच्या बाजूने आत जाईल असा एकटा मीच होतो. मी पोटावर आडवा झालो. अण्णांनी दोर त्या दोघांच्या हाती दिला आणि माझे पाय घोट्यांपाशी धरले. आणि ज्या तोंडाला वळसा घालून मी लहानपण काढले होते, त्यात मी डोके खाली घालून गेलो.

श्वास रोखला होता, तरी तो गोडसर वास नाकात शिरत होता. माझा गाल तात्याच्या गालाला घासला. तो गार आणि ओला होता. मी हात खाली सोडून त्याचा हात चाचपडू लागलो. हाताला कडबा लागला, दोर लागला, आणि मग त्याची बोटे. मुठीत ज्वारी होती. त्याने ती सोडली नव्हती. माझ्या कानात माझेच रक्त वाजत होते. मला वाटत होते, आता अण्णांचे हात सुटतील, आता ते मला सोडतील. का सोडतील, याला काही कारण नव्हते. पण मी कोणालातरी सोडायला तयार झालो होतो ना, मग मला कोणी का सोडू नये? मी मनगट पकडून तो हात वर ओढला. खांदा वळला. वरून दोर ओढला गेला आणि आम्ही दोघे एकदमच उन्हात आलो, एकमेकांत गुंतलेले.

तात्याचे ओठ जांभळे होते. रशीदभाईंनी त्याला पालथे घालून पाठीवर थापा दिल्या, मग उताणे करून छाती दाबली. ते पुटपुटत होते, "या अल्ला, या अल्ला." बाई तात्याचे तळपाय घासत होती. अण्णा उघड्या अंगाने नुसते उभे होते. बऱ्याच वेळाने तात्याच्या घशातून घरघर आली, फुटक्या भात्यासारखी, आणि मग दुसरी. त्याला टेम्पोत घातले. मोसंबीच्या रिकाम्या कॅरेटांमध्ये मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो. गेवराईपर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला त्याचा श्वास थांबायचा आणि माझाही. एका श्वासानंतर दुसरा येईल की नाही, एवढाच प्रश्न जगात उरला होता.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितले. तेव्हा डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, जपावे लागेल, काही महिने कोणीतरी सोबत हवे. "कोणाजवळ राहतात हे?" अण्णांनी खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसले आणि म्हणाले, "माझा भाऊ हाय. माझ्याजवळच ऱ्हातो. तिकडं बी माझ्याजवळच ऱ्हाणार." बाईने माझ्याकडे बघितले, मी खाली बघितले. गडाचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही. पेवातली ज्वारी तशीच राहिली. त्यानंतर तिथे उतरायला कोणी धजले नाही. रशीदभाईंनी सात-आठ दिवस तोंड उघडे ठेवले आणि मग मुरूम टाकला. टाकण्याआधी बाईने कडेला हळदकुंकू वाहिले आणि वाकून नमस्कार केला. ती काय पुटपुटली ते मी ऐकले नाही.

वाळूजच्या घरात तात्याची बाज मावली नाही. तो बाहेरच्या खोलीत माझ्याशेजारी सतरंजीवर झोपायचा. चालायला लागला, थोडे बोलायला लागला, शेजारच्या बायका त्याच्याकडे तांदूळ निवडायला देऊ लागल्या. मला मात्र तो समोर असला की घास उतरत नव्हता. शेवटी एका दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. तो खिडकीपाशी सूप घेऊन ज्वारी निवडत होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"तात्या, तू खाली होतास तवा मी काहीतरी बोललो होतो."

"ठावं हाय."

"ऐकलंस?"

"पेवात आवाज लई घुमतो बे. वर कुजबुजलं तरी खाली ढोल वाजल्यावानी येतंय." त्याने एक खडा वेचून बाजूला ठेवला. "मला बी वाटलं हुतं, आपुन गेलो. मग तू वरून म्हणलास, गेला. म्हणलं, दत्त्या म्हणतोय तर खरंच असंल. शिकल्याला हाय."

तो हसला. मला रडू येत होते आणि हसूही. मी म्हणालो, "तात्या, तसं न्हाई…" तो सूप हलवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गडाचं बी मला ठावं हुतं."

"कुणी सांगितलं?" मी विचारले.

"अण्णा तुझ्या मायला सांगत हुता, न्हाणीमागं. मी तिथंच हुतो, गोवऱ्या रचत." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. "मी न्हाई म्हणलो नसतो, दत्त्या. गड लई चांगला हाय. वारा असतो. भजन असतंय. गेलो असतो की मी. पण कुणी इचारलंच न्हाई. तवा बी न्हाई, आन् हितं आणलं तवा बी न्हाई."

बाहेर कंपनीचा भोंगा वाजला. मला कळले की आम्ही त्याला सोडणार होतो तेव्हा आणि त्याला ठेवून घेतले तेव्हाही, दोन्ही वेळा तो आमच्यासाठी एकच होता, कुठे ठेवायचा असा एक प्रश्न. मी हात पुढे करून त्याचे सूप थांबवले. मी विचारले, "तात्या, तुला कुठं ऱ्हायचंय?"

त्याने हातातली ज्वारी खाली ठेवली. खिडकीबाहेर बघितले, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे. मग माझ्याकडे बघितले, पहिल्यांदाच कोणीतरी काही विचारल्यासारखे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. पेवाच्या तोंडाशी वाटली नव्हती एवढी भीती मला त्या दुपारी वाटत होती. त्याने गड म्हटले तरी आणि इथेच म्हटले तरी.

"सांगतो," तात्या म्हणाला. त्याने सूप माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतले. "बस तू. इचार करू दे मला जरा."

मी बसून राहिलो.